दोन भाऊ, एक गीत

एखादे गाणे आपल्याला आवडले, की ते कोणी गायिले, हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो. गाणाऱ्याचा आवाज आपल्या कानांत राहतो आणि त्याचे नाव आपल्या ओठांवर येते. ज्यांनी ते गाणे रचले, ज्यांनी त्याला चाल दिली, ती माणसे बहुधा पडद्याआडच राहतात. एकच गाणे दोघांनी मिळून रचले आहे असे कधी कळले, तर आपण सहज समजतो, की त्या दोघांचे एकमेकांशी फार सख्य असले पाहिजे. त्यातून ते सख्खे भाऊ असले, तर विचारायलाच नको! एका घरात वाढलेले, एका ताटात जेवलेले दोन भाऊ. त्यांचे सूर जुळायला कितीसा वेळ लागणार, असे आपल्याला वाटते.

ही समजूत बरोबर नाही, असे माझे मत आहे. दोन माणसांनी मिळून चांगले काम करावयाचे, तर त्यांचे स्वभाव सारखे असावे लागत नाहीत. त्यांच्यात मतभेद मुळीच नसावेत, असेही नाही. मात्र जे काम हाती घेतले, ते आपल्या मानापमानाहून मोठे आहे, हे दोघांनाही मनापासून पटलेले असावे लागते. हे म्हणणे नीट समजावे, म्हणून मी अमेरिकेतील दोन भावांची हकिगत सांगणार आहे. साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत, अशा चित्रपटांसाठी त्यांनी गाणी रचली आणि ती गाणी जगभर गायिली गेली. परंतु त्यांच्या आयुष्याला एक दुःखाची बाजूही होती. तीही मी लपवून ठेवणार नाही. कारण माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग त्या दुःखातच आहे.

या भावांचे आडनाव शर्मन. थोरल्याचे नाव रॉबर्ट आणि धाकट्याचे रिचर्ड. रॉबर्टचा जन्म १९ डिसेंबर १९२५ रोजी आणि रिचर्डचा १२ जून १९२८ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील अल शर्मन हेही गीतरचनाकारच होते. त्यांचा जन्म त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील कीव्ह शहरी झाला होता. तेथून ते लहानपणीच अमेरिकेत आले आणि लोकांच्या ओठांवर बसतील अशी गाणी लिहून त्यांनी आपला संसार चालविला. पुढे हे कुटुंब अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात जाऊन स्थायिक झाले.

पाची बोटे सारखी नसतात, हे आपण जाणतोच. थोरला रॉबर्ट अबोल होता. पुस्तके वाचावीत, चित्रे रंगवावीत, कविता लिहाव्यात, यात त्याचे मन रमे. धाकटा रिचर्ड बोलका आणि उत्साही. पियानोपुढे बसला, की त्याला वेळेचे भान राहत नसे. एकाला एकान्त प्रिय, तर दुसऱ्याला चार माणसांत मिसळणे प्रिय. असे हे दोन स्वभाव एकाच छपराखाली वाढत होते.

दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा रॉबर्ट शाळकरी वयाचाच होता. सतराव्या वर्षी आईवडिलांची संमती मिळवून तो सैन्यात दाखल झाला. हिटलरच्या राजवटीने निरपराध माणसांना कोंडून ठेवण्यासाठी आणि छळून मारण्यासाठी ठिकठिकाणी छावण्या उभारल्या होत्या. त्यांपैकी दाखाऊ येथील छावणीत जे अमेरिकन सैनिक प्रथम पोहोचले, त्यांत हा तरुण होता. शर्मन कुटुंब ज्यू होते. आपल्याच लोकांची तेथे झालेली दशा त्याला डोळ्यांनी पाहावी लागली. त्या युद्धात त्याच्या गुडघ्याला गोळी लागली आणि पुढे आयुष्यभर त्याला काठीचा आधार घ्यावा लागला. मुलांसाठी हसरी गाणी रचणाऱ्या माणसाने विशीच्या आत काय पाहिले होते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

युद्ध संपले. दोन्ही भावांचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे झाले आणि ते एकाच बिऱ्हाडात राहू लागले. रॉबर्टला मोठी कादंबरी लिहावयाची होती. रिचर्डला सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची भारदस्त संगीतरचना, करावयाची होती. स्वप्ने उंच होती. खिसे मात्र रिकामे होते. अशा वेळी एके दिवशी वडील त्यांच्याकडे आले. तुम्ही दोघांनी आपली डोकी एकत्र केली, तरी ज्याच्यासाठी एखादा शाळकरी पोरगा आपल्या खाऊचे पैसे खर्च करील, असे एक गाणे काही तुमच्या हातून व्हावयाचे नाही, असे त्यांनी मुलांना डिवचले. शर्मन बंधू ही गोष्ट पुढे नेहमी सांगत. वडिलांचे ते बोलणे त्यांना चांगलेच झोंबले, आणि त्या झोंबण्यातूनच त्यांची जोडी जन्माला आली.

वडिलांच्या या आव्हानात मला दोन गोष्टी शहाणपणाच्या दिसतात. पहिली ही, की त्यांनी दोघांना एकमेकांशी स्पर्धा करावयास लावले नाही. दोघांपैकी चांगले गाणे कोण लिहितो पाहू, असे ते म्हणाले असते, तर कदाचित दोन चांगली गाणी झाली असती. पण जोडी झाली नसती. दुसरी गोष्ट ही, की त्यांनी परीक्षक म्हणून कोणी पंडित निवडला नाही. परीक्षक निवडला तो खाऊचे चार पैसे खिशात असलेला मुलगा. अशा मुलाला खोटी स्तुती करता येत नाही. गाणे आवडले नाही, तर तो सरळ खाऊ घेऊन मोकळा होतो. लहानांसाठी लिहिणे म्हणजे हलके काम, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा परीक्षक एकदा डोळ्यांपुढे आणावा.

१९५१ साली त्यांचे एक गाणे जीन ऑट्री या त्या काळच्या विख्यात गायक-नटाने ध्वनिमुद्रित केले. मधली काही वर्षे खडतर गेली. १९५९ साली ॲनेट फुनिचेलो या किशोरवयीन गायिकेने गायिलेले त्यांचे एक गाणे फार लोकप्रिय झाले. ही मुलगी वॉल्ट डिझ्नी यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांतून पुढे आलेली होती. त्यामुळे डिझ्नी यांचे लक्ष या भावांकडे गेले, आणि १९६० साली त्यांनी दोघांना आपल्या चित्रसंस्थेत गीतकार-संगीतकार म्हणून नोकरीस ठेवले.

आता हे दोघे काम कसे करीत, ते पाहू. पियानोवर बहुधा रिचर्ड बसे आणि शब्दांवर रॉबर्टची हुकमत अधिक असे. परंतु शब्द थोरल्याचे आणि चाल धाकट्याची, अशी सरळ वाटणी त्यांनी कधीच केली नाही. दोघेही शब्द सुचवीत आणि दोघेही चाल सुचवीत. चित्रपटात नावे येत, तीही अशीच: गीत आणि संगीत, रिचर्ड शर्मन व रॉबर्ट शर्मन. कोणाचा वाटा किती, याचा हिशेब त्यांनी पडद्यावर मांडला नाही.

तबल्याची जोडी तुम्ही पाहिलीच असेल. उजव्या हाताचा तबला लाकडाचा, तर डाव्या हाताचा डग्गा बहुधा धातूचा. एकाचा आवाज उंच आणि टणटणीत, दुसऱ्याचा खोल आणि घुमणारा. दोघांचा आकार निराळा, आवाज निराळा आणि त्यांवर हात चालविण्याची रीतही निराळी. तरीही ठेका धरला, की ऐकणाऱ्याला एकच वाद्य वाजत असल्यासारखे वाटते. दोन्ही भांडी अगदी सारखी असती, तर तो ठेका इतका रंगलाच नसता. शर्मन बंधूंची जोडी अशीच होती.

याचे एक गोड उदाहरण ‘मेरी पॉपिन्स’ या चित्रपटाच्या वेळचे आहे. लंडनमधील एका घरी मुलांना सांभाळावयास आलेल्या अद्भुत बाईंची ती कथा. त्या बाईंची भूमिका करणाऱ्या ज्यूली अँड्र्यूज यांच्यासाठी भावांनी एक गाणे तयार केले होते. पण ते त्यांना रुचले नाही. मेहनतीने केलेले काम बाजूला ठेवून दोघांना नव्याने विचार करावा लागला. त्याच सुमारास रॉबर्टचा लहान मुलगा जेफ्री शाळेतून घरी आला आणि आज आम्हांला पोलिओची लस दिली, असे त्याने सांगितले. सुई टोचली असेल, दुखले असेल, म्हणून वडिलांनी काळजीने विचारपूस केली. तेव्हा मुलगा म्हणाला, की दुखण्याचे कामच नव्हते; औषध साखरेच्या खड्यावर घातले आणि खाऊन टाकले. बस्स! रॉबर्टला कल्पना सापडली. दुसऱ्या दिवशी ती त्याने भावापुढे मांडली आणि चमचाभर साखरेने कडू औषधही गोड होते, हे सांगणारे गाणे तयार झाले. त्यात एक गंमत आहे. औषध घशाखाली उतरते, हे सांगताना जेथे ‘खाली’ या अर्थाचा शब्द येतो, तेथे चाल मात्र खाली न उतरता वर चढते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नकळत हसू उमटते.

पोलिओ हा मुलांचे हातपाय लुळे करणारा रोग. तोंडाने घ्यावयाच्या लसीचे दोन थेंब आपल्या देशातील मुलांनाही देण्यात आले आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. एका शाळकरी मुलाने घरी येऊन सांगितलेली एवढीशी हकिगत एका भावाने कान देऊन ऐकली आणि दुसऱ्याने तिला सूर दिला. आता सांगा पाहू, हे गाणे कोणाचे? कल्पना आणणाऱ्याचे की चाल लावणाऱ्याचे? हा प्रश्न त्यांनी एकमेकांना विचारीत बसावे असे ठरविले असते, तर गाणे अर्ध्यावरच राहिले असते.

याच चित्रपटात एक लांबलचक निरर्थक शब्द आहे. इंग्रजीत तो चौतीस अक्षरांनी लिहितात. दोघे भाऊ लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिराला जात, तेथे मुले असे जिभेची परीक्षा पाहणारे शब्द एकमेकांना ऐकवीत. ती आठवण वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्या कामी आली. भावंडांची खरी सामाईक मालमत्ता म्हणजे अशा आठवणी. शेताचे आणि घराचे वाटे करता येतात. बालपणीच्या हसण्याचे वाटे करता येत नाहीत.

आणखी एक गाणे सांगण्यासारखे आहे. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर बसून पाखरांसाठी पावाच्या चुऱ्याच्या पुड्या विकणारी एक गरीब म्हातारी त्या कथेत आहे. कथेतील हा लहानसा प्रसंग भावांनी उचलला. दुसऱ्यावर दया करावयास फार पैसे लागत नाहीत, दोन पैसेही पुरतात, हा साऱ्या कथेचा अर्थ त्यांना त्या म्हातारीत दिसला. डिझ्नी यांना हे गाणे इतके आवडले, की शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपले, की ते पुष्कळदा या भावांना आपल्या खोलीत बोलावून घेत आणि तेवढेच गाणे वाजवावयास सांगत. ‘मेरी पॉपिन्स’ १९६४ साली प्रदर्शित झाला. पुढील वर्षीच्या समारंभात त्याच्या संगीताबद्दल आणि त्यातील एका गाण्याबद्दल शर्मन बंधूंना ऑस्कर पारितोषिके मिळाली.

त्याच १९६४ साली न्यूयॉर्क येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठी, म्हणजे युनिसेफसाठी, डिझ्नी यांनी तेथे एक दालन उभारले. पाण्यातून होडीत बसून जावयाचे आणि दोन्ही बाजूंना देशोदेशींच्या मुलांच्या बाहुल्या गाताना पाहावयाच्या, अशी त्याची रचना होती. प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापले राष्ट्रगीत गावे, अशी आधी कल्पना होती. पण सारी राष्ट्रगीते एकदम सुरू झाली आणि नुसता गोंगाट झाला. प्रत्येक गीत स्वतः थोरच होते. पण एकालाही दुसऱ्यासाठी जागा करून देता येत नव्हती. तेव्हा साऱ्या बाहुल्यांना गाता येईल असे एकच साधे गाणे रचण्याचे काम शर्मन बंधूंकडे आले.

त्यांनी केलेली युक्ती मोठी मनोरंजक आहे. गाण्याच्या कडव्याची चाल एक आणि ध्रुवपदाची चाल दुसरी. दोन्ही अगदी वेगवेगळ्या. पण एका गटाने कडवे आणि दुसऱ्या गटाने ध्रुवपद एकाच वेळी गायिले, तरी त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट अधिक गोड लागतात. त्यामुळे होडी एका देशातून दुसऱ्या देशात गेली, तरी गाणे तुटत नाही. हे जग लहान आहे आणि आपण सारे एकमेकांचे शेजारी आहोत, असे सांगणारे ते गाणे निरनिराळ्या भाषांतून गायिले गेले. एका चालीने दुसरीला गप्प बसविले नाही आणि एकीने दुसरीची नक्कलही केली नाही. सहकार्य म्हणजे काय, याचे याहून सोपे चित्र मला तरी ठाऊक नाही.

शर्मन बंधूंच्या कामाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो. रडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. मध्य प्रदेशातील सिवनीच्या अरण्यात लांडग्यांनी वाढविलेल्या मोगलीच्या कथा त्यांनी लिहिल्या. त्यांवर डिझ्नी यांनी चित्रपट काढावयास घेतला, तेव्हा आधी तयार झालेली गाणी त्यांना फार गंभीर आणि काळोखी वाटली. म्हणून त्यांनी शर्मन बंधूंना बोलावले आणि हलकीफुलकी गाणी करावयास सांगितले. बल्लू अस्वलाचे सुप्रसिद्ध गाणे मात्र टेरी गिल्किसन यांचे. पहिल्या गाण्यांपैकी तेवढेच ठेवले होते. बाकीची गाणी या भावांची. हा चित्रपट १९६७ साली पडद्यावर आला; पण तो पाहण्यास डिझ्नी उरले नव्हते. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

हलकीफुलकी गाणी करा, असे ज्यांना सांगितले, त्यांपैकी एकाने छळछावणी पाहिलेली होती, हे आठवा. हसरे गाणे लिहिणाऱ्याला दुःख माहीतच नसते, असे आपण समजतो. तसे नसते. ज्याने काळोख पाहिला आहे, त्यालाच कित्येकदा दिव्याची किंमत अधिक कळते.

यापुढेही या जोडीचे काम चालू राहिले. १९६८ साली ‘चिटी चिटी बँग बँग’, १९७३ साली ‘शार्लट्स वेब’, असे कितीतरी चित्रपट त्यांच्या गाण्यांनी गाजले. २००८ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय कलापदक देण्यात आले.

आता दुःखाची बाजू. पन्नास वर्षे एकत्र गाणी रचणाऱ्या या भावांची मने एकमेकांपासून दूर गेली होती. काम संपले, की एक एका वाटेने जाई आणि दुसरा दुसऱ्या. त्यांच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला दोघांची कुटुंबे येत. पण नाट्यगृहात निरनिराळ्या बाजूंना बसत. त्यांची मुले, म्हणजे एकमेकांची चुलत भावंडे, जवळपास राहत असूनही परक्यासारखी वाढली. पुढे रॉबर्टचा मुलगा जेफ्री आणि रिचर्डचा मुलगा ग्रेगरी मोठेपणी एकमेकांना भेटले आणि दोघांनी मिळून आपल्या वडिलांवर एक माहितीपट काढला. तो २००९ साली प्रदर्शित झाला. वडिलांची मने जुळावीत, ही इच्छा त्यामागे होती. पण ती पूर्णपणे सफळ झाली नाही. रॉबर्ट इंग्लंडमध्ये जाऊन राहिला होता. ५ मार्च २०१२ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले. रिचर्ड कॅलिफोर्नियातच राहिला आणि २५ मे २०२४ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी निवर्तला. त्याआधी २०१८ साली एका चित्रपटासाठी त्याने नवी गाणी रचली. त्या गाण्यांखाली एकच नाव होते.

ही हकिगत ऐकून कोणी म्हणेल, “एकमेकांशी धड न बोलणाऱ्या माणसांनी प्रेमाची आणि आनंदाची गाणी लिहावीत, हे ढोंग नव्हे काय?” मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस जे नाही, ते आहे असे दाखवितो. या भावांनी आपले घर आदर्श असल्याचा दावा केला नाही. त्यांनी केले ते एवढेच, की आपला राग गाण्याच्या खोलीबाहेर ठेवला. रुसव्यापायी एकाने जरी हात आखडता घेतला असता, तरी त्याची शिक्षा लक्षावधी मुलांना झाली असती. राग आलेला असतानाही काम बिघडू न देणे हा एक मोठा संयम आहे आणि तो शिकण्यासारखा आहे.

दुसरा कोणी म्हणेल, “गाणी उत्तम झाली ना? मग घरी ते कसे वागत, याच्याशी आपल्याला काय करावयाचे?” हेही मला पटत नाही. गाणी आपल्याला मिळाली हे खरे. पण त्यांची किंमत त्या दोन घरांतील मुलांनी मोजली. सख्ख्या चुलत भावंडांबरोबर खेळण्याचे दिवस त्यांच्या हातून निसटले, आणि कोणत्याही पारितोषिकाने ते परत मिळाले नाहीत. एकत्र काम करणे आणि एकमेकांचे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली, म्हणजे दुसरी आपोआप साधते, या भ्रमात आपण राहू नये.

घरोघरी मातीच्या चुली असतात. तुमच्या घरीही भावंडांची भांडणे होत असतील. वर्गात भित्तिपत्रक करावयाचे असते, स्नेहसंमेलनात नाटुकले बसवावयाचे असते, तेव्हा मित्रामित्रांतही खटके उडत असतील. अशा वेळी भांडण झाले, म्हणजे सारे संपले, असे मानू नका. चित्र कसे असावे, संवाद कोणता ठेवावा, यावर खुशाल वाद घाला. वादातून काम सुधारते. मात्र कल्पनेशी भांडता भांडता माणसाशी भांडू लागलो, हे ज्या क्षणी ध्यानात येईल, त्या क्षणी थांबा. आपली कल्पना टाकून द्यावी लागली, तर ती टाकण्याचे धैर्य ठेवा. काम पुरे झाल्यावर त्याखाली सर्वांची नावे लिहा. कोणी किती केले, याचा हिशेब मांडू नका.

एवढे केल्यावर आणखी एक गोष्ट करा. ती या दोन थोर कलावंतांना पुरती जमली नाही, म्हणूनच तिची आठवण मी मुद्दाम करून देत आहे. काम संपले, वह्या आणि रंग आवरून झाले, म्हणजे ज्याच्याशी खटका उडाला असेल, त्याच्याजवळ जा आणि कामाखेरीज दुसरे काही बोला. तुझे बोलणे मला लागले, असे सांगा. किंवा तुला माझे बोलणे लागले का, असे विचारा. हे शब्द गाण्यात बसविता येत नाहीत आणि दुसऱ्या कोणाकडून म्हणवूनही घेता येत नाहीत. ते ज्याचे त्याने, वेळेवर आणि आपल्याच तोंडाने उच्चारावे लागतात.

शर्मन बंधूंची नावे त्यांच्या गाण्यांखाली कायम शेजारी-शेजारी छापलेली राहतील. कागदावर नावे शेजारी असणे ही मोठीच गोष्ट आहे. पण नाट्यगृहात दोन खुर्च्या शेजारी-शेजारी असणे हीही काही लहान गोष्ट नव्हे.